मोसंबीच्या बागेत ओल मोजणाऱ्या डब्या : वीस महिन्यांनंतर

आधी व्यवहार सांगते. जून २०२४ मध्ये एक मोठा डबा आणि चार छोट्या डब्या घेतल्या. मोठ्या डब्याला कंपनी गेटवे म्हणते, छोट्यांना नोड. आमच्या घरात मोठा डबा मोठा डबाच राहिला आणि नोडची डबी झाली. सगळं मिळून ३४ हजार, बसवणूक आपली आपण. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार-पाच पोरांची कंपनी आहे, फोन उचलतात, आणि माझ्या तक्रारी त्यांना सांगून झाल्यात. अशी वस्तू घेणाऱ्याला नावापेक्षा खालचं जास्त उपयोगी पडेल, कारण आतले भाग सगळ्यांचे थोड्याफार फरकाने तेच असतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बाग मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि राबतात भाऊजी. अंबड तालुक्यात चार एकर काळी जमीन, ४३० झाडं, न्यूसेलर, रंगपूर लिंबाच्या खुंटावर. त्यातली ७० झाडं नाल्यापलीकडच्या तुकड्यात, आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या घरापासून, दीड किलोमीटरवर. पाणी विहिरीचं आणि शेततळ्याचं; जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाळी सुटली तर तेवढीच मदत. ठिबक आहे. म्हणजे पाणी किती आणि कधी द्यायचं हे आमच्या हातात आहे, आणि घरातली अर्धी भांडणं त्यावरूनच.

मामा ओल कशी बघतात? खोडापासून दोन हात लांब, वीतभर खाली माती उकरायची, मुठीत दाबायची, गोळा होतो का बघायचा, मग तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटला तर पाणी, नाही फुटला तर थांबा. पन्नास वर्षं हेच चाललंय आणि बहुतेक वेळा बरोबर असतं. अडचण एवढीच की मूठ वीतभर खाली पोचते आणि मोसंबीची मुळं दोन फुटांपर्यंत असतात. काळी माती वरून भुरभुरीत झाली तरी खाली चिखल असू शकतो, आणि तिथंच डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, सुरू होतो. डब्या घ्यायचं माझं कारण हे. भाऊजींचं कारण वेगळं होतं : रात्रपाळीची लाईन असताना दोन वाजता उठून बागेत जायचं का नाही हे अंथरुणातून कळावं.

प्रत्येक डबीला दोन काड्या आहेत, एक ३० सेंटिमीटरवर पुरायची, दुसरी ६० वर. काडी मातीची विद्युतधारकता मोजते. पाणी जास्त तर आकडा जास्त, एवढाच सिद्धांत, आणि तो बरोबर आहे. डबी आकडा हवेतून मोठ्या डब्याकडे पाठवते, मोठा डबा त्यातल्या सिमवरून इंटरनेटवर, आणि तिथून आपल्या मोबाईलवर.

रेडिओच्या बाजूने बोलायचं तर मी खूश आहे. पैकीच्या पैकी मार्क. ही डबी लोरा नावाच्या पद्धतीने बोलते. मूळ काम फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीचं, ती २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने विकत घेतली. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे, नंतर तो ८६८ पर्यंत वाढवला. डबी तिथंच बोलते. रिचार्ज नाही, टॉवर नाही. भाऊजींच्या मोटरीवरच्या मोबाईल ऑटोला, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याला, सिम लागतं, महिन्याचे पैसे लागतात, आणि टू-जीचं मॉड्यूल बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. तिथं मोटरीची लाईन असते म्हणून चालतं. झाडाखाली एका पेन्सिल सेलवर ते आठवडाभरसुद्धा टिकायचं नाही.

लोराची खुबी शिवारात राहणाऱ्याला लगेच कळते. जवळच्या माणसाला आपण पटकन हाक मारतो. नाल्यापलीकडच्याला मारायची तर "अरे एऽऽऽऽ" करून लांबवतो. शब्द तोच, वेळ जास्त, म्हणून वाऱ्यातसुद्धा पोचतो. डबी हेच करते. तिच्या हाकेला ७ ते १२ असे सहा गियर आहेत. ७ वर एक निरोप सेकंदाच्या सोळाव्या भागात संपतो, १२ वर त्याच निरोपाला जवळजवळ दीड सेकंद लागतो. मोठ्या डब्याला ही लांबवलेली हाक गोंगाटाच्या खाली दबलेली असली तरी ऐकू येते. नाल्यापलीकडची डबी ४ मला उणे १२१ डीबीएमवर मिळाली (हे सिग्नलच्या जोराचं माप, उणे जितकं जास्त तितका सिग्नल क्षीण), मध्ये पूर्ण वाढलेली बाग आणि बाभळींची रांग असताना. मी वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिते तेव्हा पोरांना काही वाटत नाही. मला मात्र बाभळीखाली उभं राहून तो मोबाईलवर बघताना फार भारी वाटलं होतं.

एक सूचना : डबी कंपनीने सांगितल्याप्रमाणे गुडघ्याएवढ्या खुंटीवर लावू नका. मोसंबीचा घेर जमिनीला टेकतो आणि पावसाळ्यात ओल्या पानांतून सिग्नल मरतो. आम्ही दहा फुटी जीआय पाईप रोवून डबी वर नेली. रोही (नीलगाई) अंग घासून खुंट्या पाडायचे, तेही थांबलं.

आता बॅटरीचं.

कंपनी पाच वर्षं म्हणते. डबी ४ अकराव्या महिन्यात, मे २०२५ मध्ये बंद पडली. आदल्या संध्याकाळी ॲपवर तिची बॅटरी ९२ टक्के होती. आत लिथियम थायोनिल क्लोराईडचा पेन्सिल सेल असतो, ३.६ व्होल्ट, २४०० मिलिअँपिअर-तास. हा सेल फार चांगला, उन्हात टिकतो, पडून राहिला तरी वर्षानुवर्षं जात नाही. पण त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कड्यावरून पडतो. व्होल्टेज बघून टक्के काढणं म्हणजे माणसाचा सदरा बघून त्याच्या खिशातले पैसे सांगण्यासारखं आहे. हे कंपनीतल्या पोरांना माहीत नसेल असं नाही, तरी ॲपवर हिरवी बॅटरी काढलीच.

मे महिना, कॉलेजला सुट्टी. मी डबी घरी आणली, नवा सेल टाकला आणि मीटर लावून बसले. इथं एक फसगत होते. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या आतच इतका अडथळा असतो की डबी बोलायला उठली की तिला व्होल्टेज पुरत नाही, ती मरते, पुन्हा सुरू होते, पुन्हा मरते. पहिला तासभर मला वाटलं डबीच खराब आहे. मग मीटरच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा आडवा धरला, डबी बोलून झोपेपर्यंत थांबले, आणि झोपल्यावर तुकडा काढला. ८ मायक्रोअँपिअर. या हिशेबाने नुसतं झोपून वर्षाला ७० मिलिअँपिअर-तास, म्हणजे पाच वर्षं सहज. झोपेत दोष नव्हता.

दोष जागेपणी होता. डबी दर १५ मिनिटांनी निरोप पाठवते, दिवसाला ९६. सोबत मोठ्या डब्याकडून पोच मागते. पोच आली नाही तर पुन्हा पाठवते, आठ वेळा. आता आमचा मोठा डबा होता आखाड्यावर, शेतीच्या फीडरवर, जिथं लाईन आठ तास. मग मोठा डबा दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ मेलेला. आणि ही बिचारी बाभळीपलीकडून दर पाव तासाला आठ-आठ वेळा हाका मारतेय, तेही बाराव्या गियरमध्ये, दीड-दीड सेकंद, प्रत्येक वेळी साधारण ४० मिलिअँपिअर ओढत. दिवसाला सात-साडेसात मिलिअँपिअर-तास जातात. २४०० ला भागा. अकरा महिने बरोबर निघतात.

वाईट म्हणजे पोच देणारा मोठा डबा नसतोच, पोच येते इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून. त्यामुळे लाईन असून सिमची रेंज गेली तरी तोच प्रकार. आमच्या आखाड्यावर सिमची रेंज ढग आले की जाते. पोच न मिळालेल्या डब्या आपला गियरही वाढवत नेतात, म्हणून जवळच्या तीन डब्यासुद्धा अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या.

फोन केला. पलीकडच्या पोराने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, टेस्टिंगला आमचा गेटवे यूपीएसवर होता." हा प्रामाणिकपणा मला आवडला. आठवड्यात त्यांनी पोच मागणं बंद केलं, फक्त दिवसातून एकदा ठेवलं. मी मोठ्या डब्याला १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि २० वॉटचा सोलर लावला, खर्च २६००. तेव्हापासून नव्या सेलची तक्रार नाही. तुम्ही घेत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा : लाईन गेल्यावर डबी काय करते? विकणारा "काही होत नाही" म्हणाला तर त्याला माहीत नाही असं समजा.

ॲपबद्दल थोडक्यात. मराठी आहे असं म्हणतात. पहिल्याच पानावर "मृदा जल स्थिती : समाधानकारक" येतं. मामा म्हणाले, "समाधान तिला हाये, मला नाई." पूर्ण मराठवाड्यात कोणी ओलीला मृदा जल स्थिती म्हणत असेल तर मला भेटवा. आपल्याकडे वाफसा नावाचा शब्द आहे, जो पाणी आणि हवा दोन्हीचं माप एका झटक्यात सांगतो. तो ॲपमध्ये कुठंही नाही.

आणि तो सकाळी सातचा सल्ला! मोसंबीवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी : आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो, भारी जमिनीत दीड-दोन महिनेसुद्धा. पानं पिवळी पडतात, थोडी गळतात, मग जानेवारीत हलकं पाणी देऊन ताण तोडायचा की झाड फुलावर येतं. म्हणजे झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवणं हीच शेती. ॲपला हे ठाऊकच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भाऊजींच्या मोबाईलवर रोज सकाळी सातला लाल घंटी : "तातडीने सिंचन करा. पिकाचे नुकसान होत आहे." चाळीस दिवस. पस्तिसाव्या दिवशी भाऊजींचा धीर सुटला आणि ते व्हॉल्व्ह खोलायला निघाले होते. मीच अडवलं. आमच्याच वस्तूने आमचाच बहार घालवला असता.

त्याच हिवाळ्यात याहून मोठी गोष्ट झाली, आणि या डब्यांबद्दल मला जे खरं बोलायचं आहे ते हेच.

ताणाच्या सव्विसाव्या दिवशी डबी २ चा वरच्या काडीचा आकडा एका रात्रीत ३१ टक्क्यांवरून ९ वर आला. झाड तसंच, शेजारचं झाड तसंच, बाकीच्या डब्या तशाच. माझा पहिला संशय वायरीवर, उंदरांचा हातखंडा आहे तो. सकाळी खुरपं घेऊन काडीजवळ बसले. वायर शाबूत. मग वरची पालापाचोळ्याची चादर सारली तर भेग. काळी माती सुकताना आकसते आणि फाटते हे लहान पोरालाही माहीत आहे, उन्हाळ्यात आमच्या पडीक तुकड्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही अंगठ्याएवढी होती, आणि बरोबर काडीला लागून गेली होती. का नाही जाणार? काडी पुरताना आपणच तिथं माती मोकळी केली. जिथं सैल, तिथं फाटणार. काडीचा एक गाल मातीला, दुसरा हवेत. ती बिचारी हवेतली ओल मोजत होती आणि मोबाईल ओरडत होता की झाड मेलं.

कंपनीचं पुस्तक चाळलं. काडी कशी पुरायची याचं छान चित्र आहे. सरळ उभी, भोवती लालसर भुसभुशीत माती. ती माती आमची नाही.

भेगेचा उपाय भाऊजींनी काढला. काडी उभी न घालता बाजूने खड्डा करून कडेच्या न उकरलेल्या मातीत आडवी-तिरपी खुपसायची, आणि उरलेली फट त्याच मातीचा गारा करून दाबून भरायची, कुडाला लिंपतात तसा. तेव्हापासून तो उरलेला ताण आणि पुढच्या वर्षीचा ताण गेला, एकाच काडीने हवा खाल्ली.

पण भेग नसतानाही आकडा खरा आहे का? डबी १ च्या शेजारची माती चार भांड्यांत भरली, गावातल्या एका ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गरम हवेचा ओव्हन आहे तिथं नेली. १०५ अंशांवर चोवीस तास. लॅबवाली ताई म्हणाली, "वहिनी, लोकं रक्त घेऊन येतात, तुम्ही माती." आधीचं वजन, नंतरचं वजन : पाणी वजनाने २७ टक्के. मातीची घनता धरून घनफळाने साधारण ३५. ॲप ४८ दाखवत होतं. चिकणमाती जास्त असली की ओल्या मातीतून वीज जास्त वाहते, क्षारही असतात, त्यामुळे अशी काडी फुगवून सांगते. मध्यम पोयट्यात हा फरक इतका पडत नाही. कंपनीने माप पोयट्यात बसवलेलं होतं आणि तेच सगळीकडे विकलं.

मी पुन्हा फोन केला. तोच पोरगा. यावेळी तो जरा गप्प झाला, मग जे बोलला ते मला महत्त्वाचं वाटतं म्हणून जसं आठवतं तसं लिहिते. पहिल्या पन्नास डब्या त्यांनी एका सरकारी अनुदानातून बनवल्या. अनुदानात चिप, अँटेना, पीसीबी, प्रात्यक्षिक, अहवाल या सगळ्याला पैसे होते. दोन हंगाम वेगवेगळ्या मातीत डब्या पुरून ठेवायला आणि दर महिन्याला जाऊन माती ओव्हनमध्ये घालायला पैसे नव्हते. "मॅडम, त्यात नवीन काय आहे असं विचारतात." प्रात्यक्षिक झालं, फोटो निघाले, प्रकल्प बंद.

आता यावर मी थोडं बोलणार, कारण पैसा नाही असं कोणी म्हणू नये. सायबर-फिजिकल प्रणालींची, म्हणजे संगणक आणि प्रत्यक्ष यंत्रं एकत्र जोडण्याची, राष्ट्रीय मोहीम २०१८ मध्ये मंजूर झाली, ३,६६० कोटी रुपये आणि २५ केंद्रं. त्यातलं एक मुंबईच्या आयआयटीत इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंसाठीच आहे, एक रोपरच्या आयआयटीत शेती आणि पाण्यासाठी. १ ऑक्टोबर २०२२ पासून दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधी आहे. टेलिफोन कंपन्यांकडून ग्रामीण सेवेसाठी जो कर गोळा होतो त्याच्या वार्षिक जमेतला ५ टक्के वाटा संशोधनाला, आणि हेतूत ग्रामीण गरजांचं तंत्रज्ञान असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये भारत सिक्स-जीचा आराखडा आला, त्याच वर्षी सिक्स-जी अलायन्स आणि शंभर फाइव्ह-जी प्रयोगशाळा. संशोधनासाठीच्या अनुसंधान प्रतिष्ठानचा कायदाही २०२३ चा, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं गणित, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. २०२५ मध्ये संशोधन-विकासाची एक लाख कोटींची योजना मंजूर झाली, ती प्रयोगशाळेतून थोड्या पुढे आलेल्या वस्तूंसाठी आहे, पण ते अनुदान नाही, कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज किंवा भांडवल. युरोपचंही बघा, पुढच्या पिढीच्या नेटवर्कसाठी २०२१ ते २०२७ मध्ये तिकडच्या संघाने ९०० दशलक्ष युरो बाजूला काढलेत.

आणि आपण मागितलं की मिळत नाही असंही नाही. फाइव्ह-जीचे नियम ठरताना टॉवर एकमेकांच्या जवळ धरले होते. आपल्याकडच्या लोकांनी आयटीयूकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेकडे, हट्ट धरला की आमची गावं लांब-लांब आहेत, टॉवरांमधलं अंतर सहा किलोमीटर धरूनही तपासा. ते मान्य झालं आणि जगाच्या कसोटीत शिरलं. मला त्याचा अभिमान आहे, वर्गात सांगते. आता सिक्स-जीच्या चर्चेतही शिवारापर्यंत पोचणं हा मुद्दा आयटीयूच्या २०२३ च्या आराखड्यात आहे. मोबाईलचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १९ मध्ये तर बॅटरीच नसलेल्या उपकरणांचं काम झालं आहे : हवेतली रेडिओलहर पडली की तिच्यावरच जगणारी आणि तीच परतवून निरोप देणारी. अशी डबी मला उद्या मिळाली तर मी आज पैसे देईन. मे महिन्यात तो मीटर घेऊन बसावं लागणार नाही.

पण ती भेगेत लोंबत असली तर भेगच मोजणार.

माझं भांडण रेडिओशी नाही, माझं पोट त्याच विषयावर आहे. भांडण असं की हाक दीड किलोमीटर नेण्याला संशोधन म्हणतात आणि काडी काळ्या मातीला चिकटून राहील हे बघायला कोणी संशोधन म्हणत नाही. मराठवाड्यात काळी माती सगळीकडे आहे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या मातीशास्त्राच्या माणसाला आणि रेडिओच्या माणसाला एकाच प्रकल्पात, एकाच अर्जावर, तीन हंगामांचे पैसे द्या. ओव्हन, वजनकाटा, एक मोटारसायकल आणि एक पगार. अँटेना मोजायच्या एका चांगल्या यंत्राची किंमत याहून जास्त असते.

बरं, मग डब्या वाया गेल्या का? नाही. २०२५ च्या पावसाने त्यांची किंमत वसूल करून दिली.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बागेत तीन दिवस पाणी उभं होतं, फळगळ एवढी की वेचायलाही कोणी वाकलं नाही. डबी ३ चा पाईप आडवा झाला आणि ती पाण्याखाली गेली. आयपी ६७ चा शिक्का आहे तिच्यावर, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. तीन दिवसांचं वचन कोणी दिलेलं नव्हतं. डबी उघडली तर आत कोरडी, पण वायर जिथून आत शिरते तिथल्या जोडावर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज. ब्रश आणि स्पिरिटने साफ केली, दोन दिवस चालली, मग गेली. कंपनीने बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण पाच आठवडे लावले. नवा लॉट यायचा होता म्हणे.

मग डिसेंबर आला, ताण. वरची माती महिन्याभरात धूळ. मामांची मूठ म्हणाली सुकली, गोळा होतच नव्हता. शेजाऱ्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाणी सोडलं. आमच्या ६० सेंटिमीटरच्या काड्या, मी ओव्हनवरून दुरुस्त केलेल्या मापाने, अजून ३३-३४ वर अडून होत्या. खाली पावसाचं पाणी जिरून बसलेलं, झाड वरून तहानलेलं दिसत होतं आणि खालून पीत होतं. ताण बसलाच नव्हता. मी मामांना आकडा दाखवला, त्यांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. गड्याला हाक मारली, दोन फूट खड्डा घ्यायला लावला, स्वतः खाली बसून तळातली माती उचलली आणि दाबली. गोळा झाला. कमरेवरून सोडला. फुटला नाही.

"थांबा," म्हणाले. आणखी सोळा दिवस थांबलो.

फूल यंदा आमच्याकडे बरं आहे. शेजारी नवती, म्हणजे नवी पालवी, जास्त फुटली, फूल कमी. एका हंगामावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही, त्यांची जमीन जरा उताराची आहे आणि खतंही वेगळी आहेत. पण त्या सोळा दिवसांची हिंमत आम्हाला डब्यांशिवाय झाली नसती.

तर हिशेब असा : रेडिओला पाचपैकी पाच. बॅटरीला आधी एक, आता चार. काडीला दोन. ॲपला अर्धा, तोही भाऊजी सकाळची घंटी बंद करायला शिकले म्हणून. कंपनीच्या माणसांना चार. हलक्या किंवा मध्यम जमिनीत असाल तर घ्या. काळ्या जमिनीत घेणार असाल तर काडी तिरपी खुपसा, गारा करून लिंपा, आणि पहिल्याच महिन्यात ओळखीची पॅथॉलॉजी लॅब शोधा. दोन एकरांच्या आत असाल तर ३४ हजारांत खड्डा खणायला गडी बरेच दिवस मिळतो.

कंपनीच्या पोराला मी आमच्या मातीची वीस महिन्यांची नोंद पाठवली आहे, ओव्हनच्या आकड्यांसकट, एक्सेलमध्ये. पुढच्या आवृत्तीत "काळी माती" असा पर्याय देतो म्हणालाय. मी म्हटलं, सोबत "ताण" असंही एक बटण दे. त्याने विचारलं, "ताण म्हणजे नक्की किती दिवस, मॅडम?" मी फोन मामांकडे दिला. पाऊण तास झाला, अजून बोलतायत.